गुडघे सोबत घेऊन काबुकीला

आपल्याकडे नाट्यगृहाचं नूतनीकरण झालं की पहिली चर्चा खुर्च्यांची. नव्या किती बसवल्या, पुढच्या रांगेत नि आपल्यात अंतर किती वाढलं, आणि उद्घाटनानंतर महिन्याभरात त्यातल्या किती डुगडुगायला लागल्या. जपानच्या शिकोकू बेटावर, कागावा प्रांतातल्या कोतोहिरा नावाच्या छोट्या गावात हा प्रश्नच आला नाही. तिथलं कानामारु-झा हे 1835 सालचं नाट्यगृह, जपानात टिकून राहिलेलं काबुकीचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक नाटकाचं, सगळ्यात जुनं. मधल्या काळात तिथे सिनेमे लागले, मग पडझड झाली. 1970 मध्ये सरकारदरबारी त्याची महत्त्वाची सांस्कृतिक वास्तू म्हणून नोंद झाली, आणि 1972 ते 1976 अशी चार वर्षं घालवून ते सुटं करून टेकाडावर पुन्हा जोडण्यात आलं. जोडताना सगळं जुन्याबरहुकूम ठेवलं. बसायची सोयसुद्धा. म्हणजे जमीन.

माझी तक्रार एवढीच, की खांब-तुळया जुन्या मापाच्या मिळाल्या, पण त्यांच्याबरोबर लागणारे गुडघे आता कुठे तयार होत नाहीत.

तसं हे गावच पहिल्यापासून गुडघ्यांच्या मुळावर उठलेलं. गावचं दैवत कोनपिरा. हा मूळचा आपला कुंभीर, गंगेतली मगर. बौद्ध ग्रंथांचं बोट धरून चीनमार्गे जपानात पोचला आणि तिथे दर्यावर्दींचा राखणदार झाला. डोंगरावर त्याच्या मुख्य देवळापर्यंत 785 पायऱ्या आहेत, आणखी आत जायची हौस असेल तर 1368. पायथ्याची दुकानं भाविकांना बांबूच्या काठ्या देतात, त्यावरून काय ते ओळखावं. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, ज्याला यात्रा झेपत नसे तो आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पैशांची पिशवी बांधून त्यालाच पाठवून देई. वाटेतले यात्रेकरू त्याला खाऊपिऊ घालून पुढे नेत. पुण्य दोघांत कसं वाटलं जाई कोण जाणे, पण मालकाचे गुडघे शाबूत राहत, हे नक्की.

या यात्रेकरूंच्या जिवावरच नाट्यगृह उभं राहिलं. आधी उत्सवापुरता मांडव घालत आणि खेळ संपला की सोडत. शेवटी ओसाकाच्या एका नाट्यगृहावर बेतून पक्कं बांधलं, आणि लॉटरीची सोडतही तिथेच काढू लागले. देव, नाटक आणि लॉटरी हाकेच्या अंतरावर. जत्रेचं गणित सगळीकडे सारखंच.

म्हणून पहिली सूचना. पायऱ्या आणि नाटक एका दिवशी करू नका. पायऱ्या चढून-उतरून पोटऱ्या आधीच भरून आलेल्या असतात. त्याच पोटऱ्या घडी घालून तीन तास मांडीखाली ठेवल्या तर दुसऱ्या अंकात पेटके येणारच, आणि ते नेमके नायिका रडत असताना येतात. आधी नाटक, दुसऱ्या दिवशी देव. देव समजून घेतो.

नाट्यगृहात शिरायला तीन दारं. एक मोठं, एक मान्यवरांसाठी, आणि तुमच्या-माझ्यासाठी ‘नेझुमी-किदो’, म्हणजे उंदीरदार. नाव ऐकून मौज वाटते, वाकल्यावर कमी वाटते. दार मुद्दाम बुटकं आणि अरुंद केलंय, कारण त्यातून एका वेळी एकच माणूस शिरतो, तोही कमरेत वाकून, त्यामुळे फुकट्यांना घुसता येत नाही. त्या काळी बारकोड नव्हता, डोअरकीपरला फक्त टाळकी मोजायची होती. आत जाताना मान खाली घाला आणि आणखी दोन पावलं ती खालीच ठेवा. ‘आलो एकदाचे आत’ म्हणून जो लगेच ताठ होतो त्याला तुळई प्रसाद देते.

आत गेलं की चपला-बूट काढायचे. इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या. मोज्याला भोक नको, कारण पुढचे तीन तास तुमचा अंगठा शेजारच्या आजींच्या डब्यापासून वीतभर अंतरावर असणार. आणि नाडीचे बूट नकोत. का, ते पुढे येईलच.

मुख्य जागेला ‘मासु’ म्हणतात. मासु म्हणजे धान्य मोजायचं चौकोनी लाकडी माप. सगळं प्रेक्षागृह लाकडी पट्ट्यांनी अशा चौकोनांत विभागलेलं, आणि एकेका चौकोनात चार-पाच माणसं. थोडक्यात, पायलीत तांदूळ भरावेत तशी तुम्हाला भरतात, फक्त वरून हात फिरवून सपाट करत नाहीत एवढंच. पाय लांब करायचं ठरवलं तर एका चौकोनात एकच माणूस मावेल. आपल्या चौकोनाकडे जायला वेगळी वाट नाही. पट्ट्यांवरून तोल सावरत जायचं, शेताच्या बांधावरून जावं तसं. गावातल्याच बायका किमोनो नेसून स्वयंसेवक म्हणून जागा दाखवायला उभ्या असतात. त्या त्या पट्ट्यांवरून सुळकन जातात. त्यांच्याकडे बघत चालू नका, पायाकडे बघा.

आता बसणं. आपल्याला वाटतं, यात काय, पंगतीला बसतोच की. पण पंगत अर्ध्या तासात उठते आणि समोर जिलबी असते. इथे एक खेळ तीन तासांच्या वर चालतो, मध्यंतरं धरून. घरंदाज बैठक म्हणजे ‘सेइझा’, आपलं वज्रासन. ते योगाच्या वर्गात दोन मिनिटं छान वाटतं. दहाव्या मिनिटाला पावलांना मुंग्या येतात, विसाव्याला मुंग्या जातात आणि त्यांच्याबरोबर पावलंही जातात. तेव्हा लाज सोडून मांडी घालावी, जपानी पुरुषही घालतात. दर पंधरा मिनिटांनी वरची तंगडी खाली, खालची वर. ही अदलाबदल ‘त्सुके’ वाजत असताना करावी. त्सुके म्हणजे फळीवर आपटायचे दोन लाकडी ठोकळे. नट डोळे वटारून, मान झटकून ‘मिए’ची मुद्रा धरतो तेव्हा ते कडाडतात, आणि सगळं थिएटर नटाकडे बघत असतं. तुमच्या गुडघ्याचा कट्ट आवाज त्यात खपून जातो.

जागा निवडताना ‘हानामिची’ कुठे आहे ते बघा. रंगमंचापासून प्रेक्षकांतून थेट मागपर्यंत गेलेली ही फळ्यांची वाट प्रेक्षागृहाच्या डाव्या अंगाला असते. नट तिच्यावरून येतो-जातो आणि रंगमंचाजवळच्या एका ठरलेल्या जागी थांबून भाव खातो. तिच्या उजवीकडचे मासु उत्तम, नट हाताच्या अंतरावर. डावीकडच्यांना बहुतेक वेळ नटाची पाठ दिसते, पण किमोनोवरचं भरतकाम पाहायचं असेल तर तीच जागा बरी. त्या ठरलेल्या जागीच जमिनीत चौकोनी झडप आहे, ‘सुप्पोन’. सुप्पोन म्हणजे कासव. नटाचं डोकं आधी वर येतं, कवचातून यावं तसं, म्हणून हे नाव. त्यातून साधा माणूस येत नाही; भूत, मांत्रिक किंवा माणसाचं सोंग घेतलेला कोल्हा, एवढ्यांनाच परवाना.

आणि या सगळ्याला वीज नाही, माणसं लागतात. अंधार हवा असेल तर दोन्ही बाजूंच्या उंच खिडक्यांच्या झडपा हातांनी ओढतात. रंगमंच फिरवायचा तर तो खालून फिरवतात. नाटक नसतं त्या दिवसांत तिकीट काढून हे सगळं आतून बघता येतं, आणि बघाच. रंगमंचाखालच्या तळघराला जपानी भाषेत ‘नाराकु’ म्हणतात, म्हणजे आपला संस्कृत नरक. कुंभीराच्या दर्शनाला आलेला माणूस तिकीट काढून नरकात उतरतो, असा योग दुसरीकडे कुठे नाही. जिना उभा, छत बुटकं. तिथे जमिनीत रोवलेले दगड दिसतात, ‘चिकारा-इशी’, जोराचे दगड. चार माणसं त्यावर पाय रोवतात आणि खांदे लावून वरचं सगळं नेपथ्य, नट, झाडं, देवळं गरगर फिरवतात. गावातली तरुण मंडळीच हे करतात. वर कोणी मांडीची अदलाबदल करत कुरकुरत असेल, तर त्याने खालच्या चौघांचे गुडघे आठवावेत.

छताकडेही बघा. 1970च्या दशकातल्या कामात आधारासाठी प्रेक्षागृहात चार खांब आले होते, आणि खांबामागे बसलेल्याचं नशीब आपल्याला वेगळं सांगायला नको. 2003च्या दुरुस्तीत भार पेलायची दुसरी सोय करून ते काढले, आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरची बांबूची जाळी पुन्हा विणली. तिला ‘बुदो-दाना’ म्हणतात, द्राक्षांचा मांडव. आपल्या नाशिककरांना समजावून सांगावं लागणार नाही. तिच्यावर चढून माणसं कागदी पाकळ्या किंवा कागदाचाच बर्फ खाली सोडतात. पाकळ्या डब्यात पडतात. काढून टाका आणि खा.

डब्याचं म्हणाल तर ‘माकुनोउची बेंतो’ या नावाचा अर्थच ‘दोन पडद्यांमधला’. भात, मासा, अंड्याची वडी, लोणचं, सगळं गारच खायचं. चौघांनी एकदम डबे उघडले की मासुत कोपरं मावत नाहीत, म्हणून दोघांनी आधी खावं आणि दोघांनी स्वच्छतागृहाची रांग गाठावी, मग पाळी बदलावी. पडदा पडताक्षणी उठू नका. पाय बधिर असताना पट्टीवर टाकलेलं पहिलं पाऊल शेजारच्यांच्या लोणच्यात पडतं. आधी पाय पुढे करा, अंगठे दहा वेळा हलवा, मुंग्यांचा कल्लोळ शांत होऊ द्या. मग उठा.

आधुनिक काळातले खेळ इथे 1985 पासून सुरू झाले. आता ते एप्रिलमध्ये होतात. 2020 मध्ये महामारीने खंड पडला तो 2024 मध्ये संपला. एप्रिलमध्ये फळ्या गार असतात, जाड मोजे घ्या. मागून एखादा जाणकार नटाच्या घराण्याचं नाव घेऊन आरोळी ठोकतो, दचकू नका. तो भांडत नाहीये, दाद देतोय. तुम्ही मात्र ठोकू नका, वेळ अर्धा सेकंद चुकली तरी सातशेच्या वर माणसं वळून बघतात.

खेळ संपला की सगळी गर्दी पुन्हा चपलांपाशी. स्लीपऑनवाले पाय सरकवून निघून जातात. आजी लाकडी गेता खटखटवत निघून जातात. नाडीच्या बुटांचा प्रेक्षक पायरीवर बसलेला असतो. वाकून नाडी बांधावी तर गुडघा पोटाशी येत नाही, आणि आलाच तर बोटांखाली आपलंच पाऊल आहे की शेजाऱ्याचं, ते अजून नीट कळत नसतं.