केनेकॉटचा रस्ता आहे तसाच असावा
अलास्कातील केनेकॉटच्या बंद तांबेखाणीपर्यंत डांबरी रस्ता न्यावा, ही एका लेखातील सूचना मला पटत नाही. १९११ मध्ये पूर्ण झालेल्या आणि १९३८ मध्ये खाणीबरोबरच बंद पडलेल्या लोहमार्गाच्या भरावावरून आजचा सुमारे ९६ किलोमीटरचा कच्चा मॅकार्थी रस्ता जातो, म्हणूनच रुळांचे जुने खिळे अजूनही टायरमध्ये घुसतात. ते वेचणे आणि खडी टाकणे अवश्य व्हावे. हा रस्ता जिथे संपतो ती, खाणीच्या अलीकडची केनिकॉट नदी मात्र १९९७ पर्यंत लोक तारेवरच्या, हाताने ओढायच्या पाळण्यातून ओलांडत, आणि त्यानंतरचा पूलही पादचाऱ्यांसाठीच बांधला गेला. ही मर्यादा मला मोलाची वाटते, कारण खाणीची खनिज वेगळे करण्याची चौदा मजली लाकडी इमारत वाहनांची गर्दी सोसू शकणार नाही. निधी आधी तिच्या पायाच्या दुरुस्तीला द्यावा.