खुलासा : नाण्यांच्या जादूसाठी बोटे मोडू नयेत
नाण्यांची जादू शिकण्यासाठी बोटे रोज ताणून मोडावीत, म्हणजे ती लांब आणि चपळ होतात, असा संदेश सध्या रत्नागिरी परिसरात मुलांच्या मोबाइलवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. बोटांना हलवणारे स्नायू बोटांत नसतातच; ते तळहातात आणि कोपराखालच्या हातात असून कंडरांच्या, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरीसारख्या चिवट पट्ट्यांच्या, साहाय्याने बोटे ओढतात. हर्णै बंदरावर जाळी विणणाऱ्यांची जाड, राठ बोटे पाहावीत. त्यांची सफाई वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेली असते. १० रुपयांचे २७ मिलिमीटर व्यासाचे नाणे अंगठ्याच्या मुळाचा फुगवटा आणि त्यासमोरची तळहाताची बाजू यांच्यात अलगद धरून, बोटे सैल ठेवून, रोज थोडा वेळ सावकाश सराव करावा, आणि दुखू लागताच थांबावे.