‘झोपेच्या गोळ्या आजच बंद करा’ या मेसेजबद्दल

‘झोपेची गोळी आज रात्रीपासूनच सोडा, मेलाटोनिन घ्या, नैसर्गिक आहे, अपाय शून्य’ असा मेसेज सध्या फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण त्यातला पहिला सल्ला धोक्याचा आहे.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील आणि एकदम थांबवल्या, तर झोप आणखी उडते, हातापायांना कंप सुटतो, घबराट होते. काहींना चक्क फिट येते. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, हळूहळू उतरवायचा असतो.

मेलाटोनिन शरीरातच तयार होतं, हे खरं. पण ते संप्रेरक आहे. लांबच्या विमानप्रवासानंतर बिघडलेलं झोपेचं घड्याळ लावायला त्याचा उपयोग होतो. जुनाट निद्रानाशासाठी मात्र ते वापरू नये, असंच अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सुचवतात. त्याआधी, 2016 मध्ये, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पहिला उपचार म्हणून निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत (सीबीटी-आय) सुचवली होती.

त्यातला एक नियम ऐकायला उलटाच वाटतो: वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर अंथरुणातून उठा. घड्याळ न बघता, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत आडवे व्हा. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ तीच ठेवा. (हे सगळ्यात जड जातं!)

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना निदान गोळीबद्दलचा भाग तरी आजच कळवा.