बोलणारं अ‍ॅप दिल्याने मुलाचं बोलणं थांबत नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. ऑटिझम असलेलं मूल बोलत नसेल तर त्याला चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं अ‍ॅप देऊ नका. बटण दाबून सगळं मिळालं की मूल आळशी होतं आणि तोंड उघडतच नाही. पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबा. शिवाय स्क्रीनमुळेच तर ऑटिझम होतो. लोक हा मेसेज मायेपोटीच पुढे पाठवतात. पण मी स्पीच थेरपिस्ट आहे, आणि या सल्ल्यापायी मुलांची वर्षं वाया जाताना पाहते. म्हणून त्यातलं एकेक विधान घेते.

‘मूल आळशी होतं.’ हे अनेकदा तपासून झालेलं आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. चित्रं, खुणा किंवा यंत्राच्या मदतीने संवाद करणाऱ्या, विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींचं बोलणं कमी होतं का, हा प्रश्न होता. सर्वांत भरवशाच्या अभ्यासांत २७ जण होते. त्यांपैकी ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं, ११ टक्के जणांत फरक पडला नाही, आणि कमी एकाचंही झालं नाही. पुढे २०१४ मध्ये कॉनी कसारी यांच्या गटाने ५ ते ८ वर्षांच्या, जेमतेम काही शब्द असलेल्या ६१ ऑटिस्टिक मुलांसोबत काम केलं. खेळातून शिकवणारी थेरपी सगळ्यांनाच होती, काहींना सुरुवातीपासून बोलणारं यंत्रही दिलं. तोंडाने किंवा यंत्रावर, स्वतःहून काही सांगण्यात यंत्रवाली मुलं पुढे गेली. बोलण्यातली वाढ पुष्कळदा लहान असते, आणि अ‍ॅपमुळे मूल बोलेलच असा शब्द मी कोणत्याही आईबाबांना देत नाही. पण बोलणं थांबतं म्हणायला आधार नाही.

आळसाचा विचार जरा मुलाच्या बाजूनेही करा. ‘पाणी’ म्हणायला अर्धा सेकंद लागतो. तेच टॅबवर सांगायचं तर टॅब शोधा, पान उघडा, चित्र गाठा, बोट ठेवा. ज्याला तोंडाने सहज म्हणता येतं तो हा लांबचा रस्ता कशाला धरेल? काही मुलांना श्वास, जीभ, ओठ यांचा मेळ हवा तेव्हा बसवताच येत नाही. अशा मुलासमोर पेला धरून ‘आधी बोल, मग देते’ म्हणत राहणं मला क्रूर वाटतं. ते हट्टाने गप्प बसलेलं नसतं.

‘पाच-सहा वर्षांपर्यंत थांबा.’ उशिरा बोलणाऱ्या मुलांची उदाहरणं खरी असतात. चौथ्या वर्षी भाषेत खूप मागे असलेल्या ५३५ ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतली ७० टक्के मुलं आठव्या वर्षापर्यंत किंवा नंतर निदान छोटी वाक्यं बोलू लागली होती. ही आशेची गोष्ट आहे, आणि मी ती पालकांना आवर्जून सांगते. पण उरलेल्या ३० टक्क्यांत आपलं मूल असेल का, हे चौथ्या वर्षी कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. आणि जे सातव्या वर्षी बोलणार आहे, त्याचंही चौथ्या वर्षी पोट दुखतं. ते सांगायला काहीच नसेल तर मूल डोकं आपटतं, हात चावतं, आणि आपण त्याला ‘वर्तन समस्या’ म्हणून वहीत लिहितो. अ‍ॅप आणि स्पीच थेरपी एकत्र चालतात, एकीसाठी दुसरी थांबवावी लागत नाही.

‘स्क्रीनमुळे ऑटिझम होतो.’ नाही. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. स्क्रीनमुळे होतो म्हणून सांगितलं जाणारं ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचं निदान, डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ आणि आयसीडी-११ या आजारांच्या अधिकृत याद्यांपैकी एकीतही नाही. लहान मुलांनी तासन्‌तास व्हिडिओ पाहू नयेत हे मात्र बरोबर. त्यासाठी बोलण्याचा टॅब वेगळा ठेवा, त्यावर यूट्यूब नको. आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ आणि अँड्रॉइडवर ‘अ‍ॅप पिनिंग’ सुरू केलं की मूल त्याच अ‍ॅपमध्ये राहतं.

मेसेजखाली हमखास येणारी प्रतिक्रिया मला जास्त महत्त्वाची वाटते: ‘आम्ही दिलं होतं, काही उपयोग झाला नाही.’ हा अनुभव खोटा नाही. पण असा टॅब उघडून पाहिला की बहुतेक वेळा त्यात केळं, बिस्किट, पाणी, शू एवढंच सापडतं. ‘नको’ नाही. ‘थांब’, ‘अजून’, ‘संपलं’, ‘मदत कर’, ‘दुखतंय’ नाही. घरात मराठी आणि टॅबचा आवाज इंग्रजी, मग आजीशी काय बोलणार? चित्रांच्या जागा दर आठवड्याला बदललेल्या, म्हणजे बोटाला सवय लागणारच नाही. आणि मोठी माणसं टॅब समोर धरून ‘सफरचंद कुठंय, दाखव’ म्हणत परीक्षा घेतात.

ऐकू येणारं बाळ साधारण वर्षभर आपलं बोलणं ऐकतं, मग पहिला शब्द येतो. इथेही तेच करायचं. भात वाढताना आईनेच ‘अजून’वर बोट ठेवून ‘अजून हवा?’ म्हणायचं, बाबांनी गाडी थांबवताना ‘थांब’ दाबायचं. मुलाकडून लगेच उत्तराची अपेक्षा नको, महिनोन्‌महिने नको. आधी चित्रं ओळखता आली पाहिजेत, जोड्या लावता आल्या पाहिजेत, अशी पात्रता परीक्षाही नको. मराठीत साधनं आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीत चालतं. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ भारतीय भाषांचा विचार करूनच पुढे आलं.

एका बाबतीत मात्र सावध राहायलाच हवं. मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेण्याच्या पद्धतीने जे उमटतं ते मुलाचं नसून हात धरणाऱ्याचं असतं, हे नियंत्रित चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या ‘आशा’ या संघटनेने २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. शिकवताना सुरुवातीला हाताला आधार दिला तर तो सुटला पाहिजे, आणि काय म्हणायचं ते मुलाने निवडलं पाहिजे.

शाळेत ‘खेळणं’ म्हणून टॅब काढून घेतला जात असेल, तर मुख्याध्यापकांना दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ दाखवा. त्यातल्या संवादाच्या व्याख्येत संवादाच्या पूरक आणि पर्यायी पद्धतींचा उल्लेख आहे, आणि बोलणारं अ‍ॅप त्यातलंच. टॅब दप्तरात नको, बाकावर हवा; मधल्या सुट्टीत, डबा खाताना आणि मैदानावरही मुलाजवळच हवा.