टॅग लोकांना हवे तसे लिहू द्या, पण मर्जचं बटण कुणाच्या तरी हातात द्या

पोस्ट मोठी आहे आणि विषय रुक्ष: लेखांखालचे टॅग, आणि एकाच विषयाचे वेगवेगळे टॅग एक करणं, म्हणजे मर्ज. तरी लिहिते, कारण मराठी पोर्टल चालवणाऱ्या मंडळींपैकी कुणी ना कुणी ही वाचेल.

वाचकच लेखक असतात अशा एका मराठी संकेतस्थळावर मी हौसेनं टॅग आवरायचं काम करते. लेख, कविता, पाककृती, प्रवासवर्णनं, सगळंच तिथे येतं. लिहिणारा लेख टाकताना खालच्या चौकटीत स्वल्पविराम देत देत टॅग, म्हणजे लेखाचा विषय सांगणारे शब्द, भरतो. 'थालीपीठ', 'थालिपीठ', 'थालीपीठ रेसिपी', 'भाजणी', 'पौष्टिक', 'आजी', 'मन'. ('मन' हा टॅग मला फार आवडतो. मराठीत असा कुठला लेख आहे ज्याला तो चालणार नाही?) पुलंवरचे लेख 'पुल', 'पुलं', 'पु.ल.', 'पु. ल. देशपांडे' आणि 'भाई' अशा पाच ठिकाणी विखुरलेले. एका टॅगवर क्लिक करणाऱ्याला वाटतं, एवढंच आहे इथे.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक, लोकांना शुद्धलेखन शिकवा. दोन, टॅगची यादी ठरवून टाका आणि त्यातूनच निवडायला लावा. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यानं माणसं दुखावतात आणि लिहायचंच बंद करतात. दुसऱ्यानं यादी करणाऱ्याच्या डोक्यात जे विषय नव्हते ते पोर्टलवर कधी उगवतच नाहीत. आमच्याकडे 'गोधडी' हा टॅग कुणी समितीनं ठरवला नव्हता. एका बाईंनी लिहिला, मग बाकीच्या जणी आल्या आणि आज तो भरलेला आहे.

शिवाय शुद्धलेखनवाल्यांना माहीत नसलेली एक गंमत सांगते. 'शेतकऱ्यांचे प्रश्न' या नावाचे दोन टॅग आमच्या यादीत होते. शेजारी शेजारी, काना-मात्रा तंतोतंत तीच, शुद्धलेखन दोन्हींचं बरोबर. घोळ होता त्या 'ऱ्या'त. तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत 'ऱ' हे युनिकोडमधलं (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीतलं) स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि पाठोपाठ झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं जोडचिन्ह. कुणाच्या कीबोर्डावरून पहिलं उमटतं, कुणाच्या दुसरं. टाइप करणाऱ्याला पत्ताही नसतो. युनिकोडनं ठरवून दिलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत, लावली तरी हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. 'ॲप'चंही तेच. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधीपासून 'अ'वर चंद्र ठेवायची सवय असलेले लोक आणि फाँट अजून आहेतच. आता यात शिकवणार काय आणि कुणाला?

हे काम मागच्या बाजूला, लिहिणाऱ्याला त्रास न देता व्हायला हवं. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिक्शनच्या (आवडत्या पुस्तका-सिनेमांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या) साइटवर ते बघायला मिळतं. २००९पासून चालू आहे, २०१९मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे लेखक वाट्टेल तो टॅग लिहितो आणि तो जसाच्या तसा दिसतो. 'टॅग रँगलर' म्हणवणारे स्वयंसेवक मागे बसून तो प्रमाण टॅगाला जोडतात. शोधणाऱ्यानं कुठलंही रूप टाकलं तरी सगळं सापडतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटची रीत कडक आहे. प्रश्नाला जास्तीत जास्त पाच टॅग, आणि नवा टॅग काढायचा तर गाठीशी १५०० गुण हवेत. प्रोग्रामरांना ते ठीक. आमच्या गोधडीवाल्या बाईंना १५०० गुण कमवायला लावले असते तर झालंच.

आता गावांचं. २०२३मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. लगेच एकानं लिहिलं, जुने टॅग बदला. दुसऱ्यानं लिहिलं, हात लावाल तर खबरदार. मी म्हणते, कुणी दहा वर्षांपूर्वी 'औरंगाबाद' लिहून लेणी वर्णन केली असतील तर त्या लेखाखाली तेच राहू दे. लेख त्याचा, टॅगही त्याचा. पण 'छत्रपती संभाजीनगर' शोधणाऱ्याला तो लेख दिसलाच पाहिजे, आणि उलटही. टॅग मागच्या बाजूला जोडलेले असले की दोन्ही पक्षांचं काम होतं.

आणि इथेच सावध व्हायला लागतं. 'थालिपीठ' 'थालीपीठ'ला जोडणं वेगळं आणि 'आंबेडकरी साहित्य' 'दलित साहित्य'ला जोडणं वेगळं. पहिलं घरकाम आहे, दुसरी सरळसरळ भूमिका आहे. त्या दोन नावांमागे जुना वाद आहे, आणि ज्यानं 'आंबेडकरी' असं लिहिलं त्यानं ते विचार करून लिहिलंय. एखाद्या उत्साही ॲडमिननं दुपारी चहा पिता पिता ते एक करून टाकायचं नसतं. 'मालवणी'ला 'कोकणी'खाली घालणाऱ्यानंही आधी एखाद्या मालवणी माणसाला विचारावं.

म्हणून पोर्टलवाल्यांकडे माझं मागणं अगदी साधं आहे. पहिली दोन अक्षरं टाइप केली की आधीचे टॅग खाली सुचवा, शेजारी त्यातल्या लेखांची संख्या द्या. निम्मी घाण तिथेच थांबते, कारण लोक आळशी असतात आणि समोर आलेलं निवडतात. दुसरं, मर्जचं बटण. वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये २००७पासून टॅग आहेत, पण दोन टॅग एक करायचं बटण मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्यासाठी प्लगइन, म्हणजे वेगळं जोड-सॉफ्टवेअर, लागतं. एका टॅगाला दुसऱ्याचं नाव दिलं तरी ते एक होत नाहीत. वैतागून टॅग उडवला तर त्याखालचे लेख त्या टॅगविना उरतात. हे काम हातानं, लेखामागून लेख उघडून करणाऱ्या कुणाला तरी विचारा.

तिसरं माझ्यासारख्यांवर नजर ठेवायला. कुठला टॅग कुठल्याला जोडला, कुणी, कधी आणि का, याची नोंद सगळ्यांना दिसू द्या, आणि जोडलेलं सोडवायचीही सोय ठेवा. आमच्याकडे सध्या ती नोंद माझ्या एका एक्सेल फाइलमध्ये आहे, आणि ती माझ्याशिवाय कुणालाच उघडता येत नाही.