हिटलरच्या झोपेवर सगळं खापर फोडू नका

जून उजाडला की एक गोष्ट हमखास फिरू लागते. ६ जून १९४४ च्या सकाळी दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरत होतं, तेव्हा हिटलर झोपला होता, त्याला उठवायची कुणाची छाती झाली नाही, राखीव रणगाडे अडकून पडले; नाहीतर किनाऱ्याचा बचाव सांभाळणाऱ्या जर्मन सेनापती रोमेलने दोस्तांना नॉर्मंडीच्या समुद्रात बुडवलं असतं.

झोपेचा भाग खरा. पश्चिम आघाडीचा जर्मन सरसेनापती रुंडश्टेटने पहाटेच दोन चिलखती (पान्झर, म्हणजे रणगाड्यांच्या) डिव्हिजन मागितल्या आणि परवानगी मिळाली दुपारी चारच्या सुमारास. सकाळच्या ढगांच्या आडोशाने, विमानांपासून लपत निघता आलं असतं, हेही मान्य. पण त्यातली पान्झर लेअर ही डिव्हिजन दीडशे किलोमीटरहून दूर होती. काही तास वाचले असते; पोहोचल्यावर पुढे काय, हे ही गोष्ट सांगतच नाही.

पुढे काय झालं असतं, याचा नमुना त्याच दिवशी दिसला. ‘रणगाडे किनाऱ्याजवळ हवेत’ हा रोमेलचा हट्ट पूर्ण फेटाळला गेला नव्हता. २१वी पान्झर डिव्हिजन काँ शहराजवळच होती. सकाळी ती ऑर्न नदीच्या पूर्वेला दोस्तांच्या छत्रीधारी सैनिकांवर निघाली, मग हुकूम फिरला आणि काँमधून वळसा घेण्यात तास गेले. दुपारी चारनंतर हल्ला झाला, तेव्हा पेरिए टेकडीवर ब्रिटिश तोफा तिची वाटच पाहत होत्या. रणगाडे जळाले. पायदळाची एक तुकडी मात्र ब्रिटिश आणि कॅनेडियन सैन्य उतरलेल्या दोन पट्ट्यांमधल्या फटीतून थेट समुद्रापर्यंत पोहोचली! रात्री नऊच्या सुमारास डोक्यावरून दोस्तांचे सैनिक घेऊन सुमारे अडीचशे ग्लायडर (इंजिनाविना विमानं) गेले, आणि आपण मागून कापले जाऊ या धास्तीने ती माघारी फिरली. अर्थात काँ त्या दिवशी पडलं नाही, यात या डिव्हिजनचा वाटा मोठा. पण शत्रूला थोपवणं वेगळं आणि समुद्रात ढकलणं वेगळं.

‘मग रोमेलचे विरोधक मूर्खच होते’ हेही चूक. रणगाडे मागे, पॅरिसच्या आसपास राखून एकत्र घाव घालायचा, या रणगाडा दलाचा सेनापती गायर फॉन श्वेपेनबुर्गच्या आग्रहामागे १९४३ चा अनुभव होता. सिसिलीत जेला इथे आणि मग सालेर्नोत किनाऱ्याकडे झेपावलेले जर्मन रणगाडे युद्धनौकांच्या तोफांनी झोडपले होते. रोमेलला दुरून येणारे रणगाडे वाटेतच टिपणारी आफ्रिकेतली शत्रूची विमानं आठवत होती, गायरला या तोफा. दुसऱ्याच्या योजनेतलं भोक प्रत्येकाला बरोबर दिसत होतं. १० जूनला विमानांनी गायरचं ला केन इथलं मुख्यालयच उडवलं. तो जखमी झाला, त्याचे कितीतरी अधिकारी मेले.

आता सर्वांत गैरसोयीचा मुद्दा. रोमेलच्या हाताखाली तीन पान्झर डिव्हिजन होत्या. त्यातल्या दोन, दुसरी आणि ११६वी, सेन नदीच्या उत्तरेला होत्या, कारण मुख्य हल्ला तिकडे येईल असं त्यालाही वाटत होतं. ११६वी तर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत नॉर्मंडीत आली नाही. तोवर हिटलर चांगला जागा होता.