रेनी डे म्हणजे पावसाळा नव्हे!

परवा तपासायला एका बचत योजनेचं माहितीपत्रक आलं. (बँकेचं नाव सांगत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे.) वर छत्रीखाली हसणारं चौकोनी कुटुंब, खाली ठसठशीत अक्षरांत : ‘पावसाळी दिवसांसाठी आजच बचत करा.’

काकूला वाचून दाखवलं. तिचा जन्म शेतीत गेलेला. म्हणाली, “पाऊस पडल्यावर कसली रे अडचण? नाही पडला तर आहे.”

मूळ इंग्रजी आहे ‘सेव्ह फॉर अ रेनी डे’. सोळाव्या शतकापासून ते लोक असं म्हणत आलेत, आणि त्यांच्या हवेत ते शोभतंही. तिथे पाऊस बारा महिन्यांत केव्हाही, न विचारता टपकतो. आपल्याकडे तो तारीख देऊन येतो. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, चार दिवस इकडेतिकडे. येणार हे माहीत असतं, म्हणून त्याच्यासाठी आपण करतो ती बेगमी : पापड-कुरडया, लोणची, सरपण, कोकणात सुकी मासळी. गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात, हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. म्हणजे बेगमी ठाऊक असलेल्या गोष्टीची. जे ठाऊकच नाही, त्याला आपण म्हणतो अडीनडी. इंग्रजांचा ‘रेनी डे’ ही आपली अडीनडी आहे.

हा फरक डोक्यात बसला की इंग्रजीतही चूक होत नाही. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, बाबा ताईच्या लग्नासाठी पैसे साठवतायत, ‘फॉर अ रेनी डे’. अरे, लग्न ठरलंय, हॉल बुक झालाय, मग रेनी डे कुठला? अचानक आजारपण, सुटलेली नोकरी, यांच्यासाठी राखून ठेवलेलं असेल तर तो प्रयोग बरोबर. आणि शाळेच्या गेटवरून “आज रेनी डे!” ओरडत परत येणारी पोरं वेगळ्याच अर्थाने बोलत असतात. ती सुट्टी. तिचा बचतीशी संबंध नाही, फार तर भज्यांशी.

सरकारंही हे करतात. अमेरिकेत टेक्सास राज्याचा १९८८ पासूनचा असा राखीव निधी आहे, त्याला लोक सरळ ‘रेनी डे फंड’ म्हणतात. त्याचं मराठीत ‘पावसाळी निधी’ केलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, नालेसफाईचे पैसे आहेत.

काकूची अडीनडी पावडरच्या रिकाम्या डब्यात असायची. झाकण उचकटून नोटांची सुरळी आत, वर पुन्हा झाकण. तिच्याकडून उसने घेतलेल्या नोटांना चमेलीचा वास यायचा, दुकानदारसुद्धा एकदा हुंगून हसला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा तो डबा सगळ्यांसमोर रिकामा करावा लागला. सगळ्या पाचशेच्या. काका नुसते बघत राहिले. अडीनडीच्या पैशांवरच अडीनडी आली, दुसरं काय.

तर मी माहितीपत्रकात ते वाक्य खोडून लिहिलं : ‘अडीनडीला चार पैसे गाठीशी असू द्या.’ त्यांना आवडलं, लगेच मंजूर. फक्त म्हणाले, चित्र आता बदलता येणार नाही, छपाईला गेलंय.

छत्री तशीच आहे.